वार्तागट आणि त्यांचे द्वारपाल

संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या सार्वजनिक चर्चेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यातील एक मोठे प्रकरण ‘युझनेट’ नावाच्या व्यवस्थेला द्यावे लागेल. इंग्रजीत ज्यांना ‘न्यूजग्रुप’ म्हणतात आणि ज्यांच्यासाठी येथे ‘वार्तागट’ हा शब्द योजला आहे, ते गट म्हणजे या व्यवस्थेचे घटक होत. नावात वार्ता असली तरी वृत्तपत्रातील बातम्यांशी त्यांचा संबंध थोडाच. एखाद्या विषयाला वाहिलेला सार्वजनिक फलक, अशी वार्तागटाची कल्पना करावी. त्या फलकावर कोणीही आपला लेख लावावा, कोणीही तो वाचावा आणि ज्याला काही म्हणावयाचे असेल त्याने आपले उत्तर त्याखाली जोडावे, असा हा व्यवहार. लेख म्हणजे येथे दोन ओळींचा प्रश्नही असू शकतो आणि दहा पानांचा प्रबंधही.

या व्यवस्थेचा विशेष असा, की तिला मालक नव्हता. तिचे कार्यालय नव्हते, संचालक मंडळ नव्हते, मध्यवर्ती संगणकही नव्हता. असे असूनही वाचकाला तेथे पोहोचण्यासाठी कोणाच्या तरी दारातून जावे लागे. प्रारंभी ते दार विद्यापीठाचे किंवा संशोधनसंस्थेचे होते. पुढे ते इंटरनेटची जोडणी विकणाऱ्या कंपन्यांचे झाले. या कंपन्यांना आपण ‘सेवापुरवठादार’ म्हणू. फलक कोणाचाच नाही, पण त्याच्याकडे जाणारे प्रत्येक दार मात्र कोणाच्या तरी मालकीचे, अशी ही परिस्थिती होती. वार्तागटांचा उत्कर्ष तिच्यामुळे झाला आणि ऱ्हासही तिच्यामुळेच झाला. तो कसा, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

उगम

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत संगणक एकमेकांना जोडणारे ‘आर्पानेट’ हे जाळे अस्तित्वात आले होते. परंतु ते संरक्षण खात्याच्या पैशावर चालत असे आणि त्या खात्याशी संशोधनाचा करार असलेल्या संस्थांनाच त्यात प्रवेश होता. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठ अशा भाग्यवान संस्थांपैकी नव्हते. तेथील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये यावर एक साधा उपाय शोधला.

बेल प्रयोगशाळेने तयार केलेली ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली त्या वेळी अनेक विद्यापीठांत वापरली जात होती. तिच्या नव्या आवृत्तीबरोबर ‘यूयूसीपी’ नावाची एक सोय आली. तिच्या साहाय्याने एक संगणक साध्या दूरध्वनीच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाला फोन करी आणि आपल्याजवळच्या फाइली त्याच्याकडे पाठवी. रात्री फोनचे दर कमी असत. तेव्हा रात्री एका संगणकाने दुसऱ्याला फोन करावा आणि दिवसभरात जमा झालेले लेख त्याला द्यावेत, अशी कल्पना पुढे आली. शेजारच्या चॅपेल हिल येथील विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन या विद्यार्थ्याने त्यासाठी पहिली छोटी आज्ञावली लिहिली. मग स्टीफन डॅनियल याने तीच आज्ञावली ‘सी’ या संगणकभाषेत नव्याने लिहून काढली. जानेवारी १९८० मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे भरलेल्या युनिक्स-वापरकर्त्यांच्या परिषदेत ही व्यवस्था जाहीर करण्यात आली. दिवसाला एकदोन लेख येतील आणि फार तर शंभरएक संगणक जोडले जातील, एवढीच तिच्या जनकांची अपेक्षा होती. १९८१ मध्ये बर्कली येथे मार्क हॉर्टन आणि शाळेत शिकणारा मॅट ग्लिकमन यांनी सुधारित आज्ञावली लिहिली, ती याच कारणाने. लेखांचा ओघ पहिल्या आज्ञावलीला पेलवेनासा झाला होता.

यात दूरध्वनीचे बिल कोणी भरावयाचे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. जवळच्या गावी केलेल्या फोनचा खर्च किरकोळ होता. पण देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला लेख पोहोचवावयाचे, तर खर्च बराच येई. बेल प्रयोगशाळा आणि डिजिटल इक्विपमेंट ही संगणक तयार करणारी कंपनी यांच्या काही केंद्रांनी तो बोजा उचलला. वाचकाला वार्तागट फुकट वाटत असत. वस्तुतः ते कोणाच्या तरी बिलावर चालत होते. ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण पुढील सर्व इतिहासात ती पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

लेखाचा प्रवास

समजा, एका गावातील वाचकाने आपल्या संगणकावर एक लेख लिहिला. तो प्रथम त्याच्या स्वतःच्या संस्थेच्या संगणकात जमा होतो. या संगणकाला वार्ता-सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर आपल्या ओळखीच्या दोनचार सर्व्हरांना तो लेख देतो. ते आपापल्या शेजाऱ्यांना देतात. आणि पाणी जसे एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जात सर्व शेतभर पसरते, तसा तो लेख सर्व जाळ्यात पसरतो. अशा पसरण्यात एकच लेख दोन वाटांनी एकाच ठिकाणी येण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी दोन युक्त्या आहेत. पहिली अशी, की प्रत्येक लेखाला जगात दुसऱ्या कोणत्याही लेखाला नसेल असा एक ओळखक्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक पूर्वी येऊन गेला असेल, तर सर्व्हर लेख नाकारतो. दुसरी अशी, की लेख ज्या ज्या सर्व्हरातून गेला त्यांची नावे त्याच्या माथ्यावर एकापुढे एक लिहिली जातात. टपालाच्या पाकिटावर निरनिराळ्या कचेऱ्यांचे शिक्के बसावेत, तसाच हा प्रकार. ज्याचा शिक्का आधीच बसला आहे, त्याच्याकडे तो लेख पुन्हा पाठविला जात नाही.

१९८६ मध्ये ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी ‘एनएनटीपी’ नावाचा नवा नियमसंच प्रसिद्ध केला. त्यामुळे दूरध्वनीऐवजी इंटरनेटवरून लेखांची देवघेव होऊ लागली. एक सर्व्हर दुसऱ्याला लेखाचा क्रमांक सांगून तो आपल्याजवळ असल्याचे कळवितो. दुसरा ‘पाठवा’ म्हणतो किंवा ‘नको’ म्हणतो. याच नियमसंचाने आणखी एक सोय केली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. वाचकाला आता सर्व लेख आपल्या संगणकावर साठविण्याची गरज उरली नाही. त्याने दूरच्या सर्व्हरशी संपर्क साधावा, गटांची यादी मागवावी आणि हवा तेवढाच लेख वाचावा, हे शक्य झाले. सेवापुरवठादारांचा पुढील सारा व्यवसाय या सोयीवर उभा राहिला.

सर्व्हरवरील जागा मर्यादित असल्यामुळे जुने लेख ठरावीक दिवसांनी पुसून टाकावे लागत. ही मुदत कोठे तीन दिवसांची, तर कोठे पंधरा दिवसांची असे. आपल्याकडील सार्वजनिक वाचनालयाशी याचे साम्य सहज दिसेल. वाचनालय कोणती नियतकालिके घ्यावयाची ते ठरविते, ती टेबलावर किती दिवस ठेवावयाची ते ठरविते आणि मग रद्दीत काढते. एखादे मासिक वाचनालयाने घेतलेच नाही, तर ते प्रसिद्ध होत असूनही सभासदाच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते.

गटांची मांडणी

गट वाढत गेले तशी त्यांच्या नावांना शिस्त लावणे आवश्यक झाले. १९८७ मध्ये झालेल्या मोठ्या नामांतरात सर्व गट सात मुख्य विभागांत बसविण्यात आले. ‘कॉम्प’ हा संगणकाचा, ‘साय’ विज्ञानाचा, ‘रेक’ छंद व करमणुकीचा, ‘सॉक’ समाज व संस्कृती यांचा, ‘न्यूज’ स्वतः युझनेटविषयीचा, ‘टॉक’ वादविवादाचा आणि ‘मिस्क’ किरकोळ विषयांचा. मुख्य नावापुढे टिंब देऊन पोटविभाग लिहिला जाई. नामांतरामागे व्यवस्थेइतकाच खर्चाचाही विचार होता. समुद्रापलीकडील युरोपीय संस्थांना धर्म आणि राजकारण यांवरील अखंड वादांसाठी पैसे मोजावयाचे नव्हते. असे गट ‘टॉक’ या एकाच शाखेत एकत्र आणल्यावर ज्याला ती नको असेल त्याने तेवढीच वगळावी, अशी सोय झाली.

या सात विभागांत नवा गट काढण्यासाठी चर्चा आणि मतदान यांची रीत हळूहळू रूढ झाली. ज्यांना ती जाचक वाटली, त्यांनी त्याच वर्षी ‘आल्ट’, म्हणजे पर्यायी, अशी वेगळी शाखा सुरू केली. तेथे मतदानाचे बंधन नव्हते. त्यामुळे तेथे उत्तम, विक्षिप्त आणि आक्षेपार्ह असे सर्व प्रकारचे गट निघाले. टिम बर्नर्स-ली यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये ‘वर्ल्ड वाइड वेब’ची माहिती याच शाखेतील ‘आल्ट.हायपरटेक्स्ट’ या गटात दिली. त्याच महिन्यात फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक नवी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे ‘कॉम्प.ओएस.मिनिक्स’ या गटात कळविले. तीच पुढे ‘लिनक्स’ या नावाने जगभर गेली. सार्वजनिक फलकावर लिहिलेल्या मजकुराचे मोल लिहिण्याच्या दिवशी ठरत नाही, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येईल.

सेवापुरवठादारांचा प्रवेश

विद्यापीठाबाहेरील मनुष्याला वार्तागट वाचावयाचे असल्यास प्रारंभी फारसा मार्ग नव्हता. १९८७ मध्ये रिक ॲडम्स यांनी व्हर्जिनिया राज्यात ‘यूयूनेट’ ही संस्था सुरू केली. मोबदला घेऊन टपाल आणि वार्तागट पुरविणे हा तिचा उद्देश होता. १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘द वर्ल्ड’ या कंपनीने सामान्य नागरिकाला दूरध्वनीवरून इंटरनेटची जोडणी देण्यास प्रारंभ केला. पाचसहा वर्षांत अशा कंपन्या गावोगावी निघाल्या. त्यांच्या जाहिरातींत तीन गोष्टींचा उल्लेख बहुधा असे: ई-मेल, वेब आणि वार्तागट. मासिक वर्गणीत तिन्हींचा समावेश असे.

ग्राहकाला कंपनीकडून तिच्या वार्ता-सर्व्हरचे नाव मिळे. ते नाव त्याने आपल्या वाचन-आज्ञावलीत घातले, की गटांची लांबलचक यादी पडद्यावर येई. हव्या त्या गटांवर खूण करावी आणि वाचू लागावे. हा सर्व्हर बहुधा त्या कंपनीच्या जोडणीवरून येणाऱ्यालाच प्रवेश देई. कंपनी बदलली तर सर्व्हर बदले, पण गट बदलत नसे. कारण तोच गट आणि तेच लेख दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरही असत. चर्चा एका कंपनीच्या हाती बांधलेली नव्हती, हा या रचनेचा मोठा गुण होय.

पण याच वेळी तीन निर्णय कंपनीच्या हाती गेले. कोणते गट घ्यावयाचे, लेख किती दिवस ठेवावयाचे आणि कोणाला लिहू द्यावयाचे, हे ते तीन निर्णय होत. वाचकाला ते क्वचितच जाणवत. यादीत नसलेला गट अस्तित्वातच नाही असे त्याला वाटे आणि पुसला गेलेला लेख कोणी लिहिलाच नव्हता असे वाटे.

नव्या वाचकांच्या लोंढ्याने गटांचे रूप पालटले. पूर्वी दर वर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, काही आठवडे गोंधळ घालीत आणि मग तेथील रीतिरिवाज शिकून स्थिरावत. त्यांच्यासाठी वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या उत्तरांची टिपणे ठरावीक काळाने प्रसिद्ध केली जात. १९९३-९४ मध्ये मोठ्या व्यापारी कंपन्यांनी आपल्या लक्षावधी ग्राहकांना वार्तागटांची वाट मोकळी करून दिली. नवखे रोजच येऊ लागले. त्या काळाला जुन्या वाचकांनी ‘अखंड सप्टेंबर’ असे नाव दिले. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील दोन वकिलांनी परदेशी नागरिकांच्या वास्तव्य-परवान्याविषयीची आपली जाहिरात हजारो गटांत एकाच वेळी टाकली. मालक नसलेल्या व्यवस्थेत तक्रार कोणाकडे करावयाची? संतप्त वाचकांनी त्या वकिलांच्या सेवापुरवठादाराकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि त्या कंपनीने त्यांचे खाते बंद केले. दार उघडणाराच ते बंदही करू शकतो, हे या प्रसंगाने सर्वांना दिसले. त्या दिवशी ते अनेकांना योग्यच वाटले.

भारतातील वाट

भारतात १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभारण्यास आरंभ केला. मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे त्याचे बाहेरच्या जगाकडे उघडणारे दार होते, आणि समुद्रापलीकडे त्याची जोडणी होती ती वर उल्लेखिलेल्या यूयूनेटशी. सामान्य नागरिकासाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ते विदेश संचार निगम या सरकारी कंपनीमार्फत खुले झाले. खाजगी सेवापुरवठादारांना १९९८ च्या अखेरीस अनुमती मिळाली. तोपर्यंत सामान्य ग्राहकाला निवडीसाठी दुसरे दार नव्हते.

भारतीय विषयांवरील गट मात्र त्यापूर्वीच भरात आले होते. त्यांतील पुष्कळसे लेखन अमेरिकेतील विद्यापीठांत व कंपन्यांत असलेल्या भारतीयांचे असे. ‘सॉक.कल्चर.इंडियन’ या गटाखाली पुढे भाषा आणि प्रदेश यांनुसार शाखा निघाल्या. त्यांत ‘मराठी’ आणि ‘गोवा’ अशा दोन शाखा होत्या. त्या वेळी सर्व सर्व्हरांतून सुखरूप पार पडतील अशी अक्षरे रोमन लिपीचीच होती. त्यामुळे मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहिला जाई. ‘आयट्रान्स’सारखी लेखनपद्धती वापरल्यास तोच मजकूर आज्ञावलीच्या साहाय्याने देवनागरीत छापता येई. मायदेशापासून दूर असलेल्या मराठी वाचकांना एकत्र आणणाऱ्या जाळ्यावरील आरंभीच्या जागांत या गटाची गणना केली पाहिजे.

जबाबदारी कोणाची?

लेख लिहिणारा एका देशात, वाचणारा दुसऱ्या देशात आणि सर्व्हर तिसऱ्याच ठिकाणी. अशा स्थितीत आक्षेपार्ह मजकुराचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा? युरोपातील दोन प्रकरणे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत.

पहिले प्रकरण कॉम्प्यूसर्व्ह या कंपनीचे. अश्लील मजकुरासंबंधी म्युनिकमधील तपास-अधिकाऱ्यांनी चौकशी सुरू केल्यावर डिसेंबर १९९५ मध्ये या कंपनीने सुमारे दोनशे वार्तागट बंद केले. जर्मन ग्राहकांपुरते ते बंद करण्याची सोय तिच्याजवळ नव्हती. म्हणून जगभरच्या सुमारे चाळीस लाख ग्राहकांसाठी ते एकदमच बंद झाले. एका शहरातील चौकशीने सर्व जगातील वाचकांची यादी बदलली. फेब्रुवारी १९९६ मध्ये बहुतेक गट पुन्हा सुरू झाले आणि मुलांच्या वापरावर लक्ष ठेवण्यासाठी पालकांना एक आज्ञावली देण्यात आली. तरीही कंपनीच्या जर्मन शाखेचे माजी प्रमुख फेलिक्स झोम यांच्यावर खटला चाललाच. मे १९९८ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची स्थगित कारावासाची शिक्षा दिली. नोव्हेंबर १९९९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले.

दुसरे प्रकरण इंग्लंडमधील. जानेवारी १९९७ मध्ये लॉरेन्स गॉडफ्रे नावाच्या भौतिकशास्त्राच्या व्याख्यात्याच्या नावाने कोणीतरी ‘सॉक.कल्चर.थाई’ या गटात एक बनावट व अश्लाघ्य लेख टाकला. लेख निघाला अमेरिकेतून. पण इंग्लंडमध्ये तो डेमन इंटरनेट या सेवापुरवठादाराच्या सर्व्हरवरून वाचता येत होता. गॉडफ्रे यांनी १७ जानेवारीस तो काढून टाकण्याची विनंती केली. कंपनीने तो काढला नाही. नेहमीची मुदत संपून तो २७ जानेवारीच्या सुमारास आपोआप पुसला गेला. हे मधले दहा दिवस कंपनीला महाग पडले. आपण केवळ वाहक आहोत, हा तिचा बचाव मार्च १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळला. सूचना मिळाल्यानंतर आपल्याला कल्पना नव्हती असे कंपनीला म्हणता येणार नाही, असे न्यायमूर्ती मोरलँड यांचे मत पडले. मार्च २००० मध्ये पंधरा हजार पौंड नुकसानभरपाई आणि दाव्याचा खर्च देऊन कंपनीने तडजोड केली.

गॉडफ्रे यांची तक्रार न्याय्य होती यात शंका नाही. मात्र निकालाचा परिणाम एका लेखापुरता राहिला नाही. कोणी आक्षेप घेतला, की खरेखोटे पडताळून पाहण्यापेक्षा लेख काढून टाकणे सेवापुरवठादाराला स्वस्त पडू लागले. एखाद्या कोर्टकज्ज्याचा खर्च शेकडो वाचकांच्या वर्गणीहून अधिक होतो. ग्रंथपाल पुस्तकाची गुणवत्ता पाहतो. सेवापुरवठादाराला मात्र जोखीमच पाहावी लागते.

दारे मिटू लागतात

जोखमीबरोबर बोजाही वाढत होता. वार्तागटांची रचना केवळ अक्षरांसाठी झाली होती. परंतु चित्र, ध्वनी किंवा आज्ञावली यांचे अक्षरांत रूपांतर करून तेही लेख म्हणून पाठविण्याची युक्ती लवकरच निघाली. ‘आल्ट.बायनरीज’ या शाखेत अशा लेखांचा महापूर आला. त्यांत स्वामित्वहक्काचा भंग करणारी सामग्री मोठ्या प्रमाणात होती. शब्दांच्या सर्व चर्चा एका लहान पेटीत मावल्या असत्या. या फाइलींना मात्र गोदामेही अपुरी पडू लागली. सर्व गट घेणाऱ्या सर्व्हरला दिवसाला कित्येक टेराबाइट सामग्री स्वीकारावी लागे. एक टेराबाइट म्हणजे सुमारे एक लाख कोटी अक्षरे. दरम्यान बहुसंख्य ग्राहक वेबवरील चर्चास्थळांकडे वळले होते. वाचक घटले, खर्च मात्र वाढत राहिला.

अमेरिका ऑनलाइन या कंपनीने २००५ मध्ये वार्तागटांची सेवा बंद केली. जून २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ता अँड्र्यू कुओमो यांनी बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे आढळलेल्या गटांविरुद्ध मोहीम उघडली. त्यांच्या तपासात असे ८८ गट आढळले होते. त्या चित्रांचा बंदोबस्त होणे आवश्यकच होते. त्याबद्दल दुमत असू शकत नाही. परंतु सेवापुरवठादारांनी काय केले ते पाहावे. स्प्रिंटने ‘आल्ट’ची सारी शाखा काढून टाकली. व्हेरिझोनने मुख्य विभाग तेवढे ठेवले. टाइम वॉर्नर केबलने वार्तागटांची सेवाच बंद केली. ८८ गटांबरोबर बागकाम, व्याकरण, रेडिओ-दुरुस्ती आणि दुर्धर आजारांच्या रुग्णांचा परस्परांना आधार, अशा विषयांवरील हजारो निरुपद्रवी गटही वाचकांच्या यादीतून गेले. २००९ मध्ये एटी अँड टी आणि व्हेरिझोन यांनीही उरलेली सेवा थांबविली. २० मे २०१० रोजी, जेथे या व्यवस्थेचा जन्म झाला त्या ड्यूक विद्यापीठानेच घटता वापर आणि वाढता खर्च या कारणांवरून आपला वार्ता-सर्व्हर बंद केला.

जुन्या लेखांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १९९५ मध्ये ‘डेजान्यूज’ या कंपनीने लेख साठवून त्यांत शोध घेण्याची सोय केली. २००१ मध्ये तो संग्रह गूगलने विकत घेतला. पहिल्या दशकातील लेख मात्र जवळजवळ नष्टच झाले असते. ते वाचले ते टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांच्यामुळे. ते कोणी सांगितले नसताना लेखांच्या नकला चुंबकीय फितींवर जपून ठेवीत असत. अशा १४१ फितींवरील सुमारे वीस लाख लेख २००१ च्या अखेरीस गूगलच्या संग्रहात दाखल झाले. ज्या दाराने लक्षावधी लोक वेबवरून वार्तागटांत डोकावत होते, ते गूगलचे दारही २२ फेब्रुवारी २०२४ रोजी मिटले. जुना संग्रह तेथे वाचता येतो. नवे लेख येत नाहीत आणि तेथून लिहिताही येत नाही.

आजची स्थिती आणि तिचा बोध

वार्तागट नाहीसे झालेले नाहीत. सर्व्हर एकमेकांना लेख देतच आहेत. वेगळी वर्गणी घेऊन सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचे बहुतेक ग्राहक फाइलींसाठी येतात. केवळ अक्षरांचे गट विनामूल्य देणारे काही सर्व्हर स्वयंसेवकांनी चालविले आहेत. त्यांपैकी एकाने ‘अखंड सप्टेंबर’ हेच नाव धारण केले आहे. ज्याला ठाऊक आहे, तो आजही खाते उघडून आत जाऊ शकतो. फरक इतकाच, की पूर्वी जोडणी घेतली की वार्तागट आपोआप समोर येत आणि चुकून डोकावलेला मनुष्य तेथे रमून जाई. आता त्यांचे नाव आधी माहीत असावे लागते. नवा वाचक न आल्यामुळे अनेक गटांत जुनीच मंडळी उरली आहेत.

या इतिहासात खलपुरुष शोधण्याचे कारण नाही. वार्तागटांवर कोणत्याही सरकारने सरसकट बंदी घातली नाही. प्रत्येक सेवापुरवठादाराने आपल्यापुरता हिशेब केला आणि तो हिशेब बहुधा बरोबरच होता. वाचक कमी, खर्च फार, खटल्याची भीती कायमची. पण असे शंभर बरोबर हिशेब एकत्र आले आणि एक सार्वजनिक जागा सामान्य माणसाच्या नजरेआड झाली. तिच्या बाजूने बोलण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नव्हते, कारण ती कोणाच्याच मालकीची नव्हती.

आज चर्चेच्या जागा मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या आहेत. तेथे दारही कंपनीचे आणि फलकही कंपनीचाच. वार्तागटांत एक दार मिटले तर दुसऱ्या दाराने त्याच चर्चेपर्यंत जाता येत असे. येथे दार मिटले म्हणजे चर्चाही संपते आणि लिहिलेलेही हाती राहत नाही. म्हणून सार्वजनिक चर्चेची कोणतीही सोय स्वीकारताना तीन प्रश्न विचारण्याची सवय वाचकांनी, आणि विशेषतः ग्रंथालयांनी, लावून घ्यावी. येथे येण्याचा दुसरा मार्ग आहे काय? येथे लिहिलेल्याची प्रत कोणाजवळ राहते? आणि हिचे बिल कोण भरतो आहे? वार्तागटांच्या वाचकांनी हे प्रश्न वेळीच विचारले असते, तर दारे मिटण्यापूर्वी ती उघडी ठेवण्याची काही तजवीज त्यांना करता आली असती. ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी केलेली तजवीज तरी कोठे फार मोठी होती? एक साधा दूरध्वनी, एक छोटी आज्ञावली आणि रात्रीचा फोन उचलण्यास तयार असलेला एक शेजारी.